लंगोट कोण धुणार?

हा लेख बाळाच्या शी-शूविषयी आहे. आंबेडकरी लिखाणात हा विषय शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर तो जरूर वाचावा. कारण घाण कोणी करायची, ती कोणी उचलायची आणि उचलणाऱ्याला काय म्हणायचं, यावरच या देशातली जातव्यवस्था उभी राहिली. आणि घाणीचा माणसाला होणारा पहिला परिचय पाळण्यातच होतो.

मागच्या जूनमध्ये आम्हाला मुलगी झाली. आम्ही दोघेही सामाजिक कार्यकर्ते, दोघेही मानधनावर. एकाला महिना १५,०००, दुसरीला ९,०००. येरवड्यात भाड्याची एक खोली, भाडं ५,०००. बाळंतपण जवळ आलं तसे आमच्यातल्या बाळंतिणीचे ९,००० बंद झाले. ती ज्या संस्थेत काम करते, तिथे सात माणसं. प्रसूती लाभ कायद्यात तेव्हा २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा होती, पण दुकानं आणि आस्थापनांना तो लागू व्हायला किमान दहा माणसं लागत होती. संस्थेने प्रेमाने सांगितलं, "तब्येत सांभाळ, सावकाश ये." सावकाश येण्याचे पैसे मात्र मिळणार नव्हते. ही संस्था रोज स्त्रियांच्या हक्कांवर शिबिरं घेते, हेही इथे सांगून ठेवतो.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, आणि आम्ही मात्र सात आणि दहा या दोन आकड्यांमधल्या फटीत अडकलो.

तर घरात १५,००० रुपये, त्यात डायपरचा हिशेब मांडला. नवजात बाळाला दिवसाला आठ धरले, एक दहा रुपयाला, तर रोजचे ८० आणि महिन्याचे २,४००. म्हणजे चालू कमाईचा सोळा टक्के भाग कचऱ्यात. आणि हा भाव मोठं पाकीट घेणाऱ्याचा. आमच्या वस्तीत किराणा दुकानात डायपर सुटे मिळतात, एक एक, बारा रुपयाला. ज्याच्याकडे एकदम सहाशे-सातशे रुपये नसतात तो सुटा घेतो आणि प्रत्येक डायपरमागे जास्त पैसे देतो. शाम्पूची पुडी, तेलाची पुडी, तसाच हा डायपर. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी.

आम्ही ठरवलं, लंगोट वापरायचे. इथूनच भांडण सुरू झालं.

आमच्या आईने पहिल्याच आठवड्यात दुकानातून पाच सुटे डायपर आणून पाळण्यात ठेवले. म्हणाली, "माझ्या नातीला चिंध्या गुंडाळायच्या नाहीत. शिकल्यासवरल्याल्यांची पोरगी हाय ती."

आम्ही म्हणालो, "आई, हे प्लास्टिक आहे. ते कुजत नाही. शिवाय ते उचलतं कोण? तूच ना?"

कारण आमची आई कचरा गोळा करते. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची ती सभासद आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' आली. यातल्या बहुसंख्य आपल्याच बाया आहेत, बौद्ध आणि मातंग. आई सकाळी सहाला सोसायट्यांमध्ये जाते, दारोदार ओला-सुका कचरा घेते आणि मग बसून सुका कचरा हाताने वेगळा करते. पुठ्ठा, बाटली, दुधाची पिशवी. आणि त्यांच्यामधून वापरलेले डायपर आणि पॅड निघतात. उघडे, वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा न गुंडाळलेले. उन्हाळ्यात त्याचा वास कसा येतो ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही लहानपणी तिच्यासोबत जायचो म्हणून आम्हाला ठाऊक आहे.

पण त्या दिवशी आई आमच्यावरच उखडली. "मी उचलते म्हणून माझ्या नातीनं घालायचं न्हाई? त्या सोसायटीतल्या लेकरांनी घालायचं, मी उचलायचं, आन माझ्या घरात परत फडकी? हे कुठलं शहाणपण?"

आम्ही दोघांनी समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. उत्तर सुचलं नाही.

नंतर शांत झाल्यावर तिने आजीची, म्हणजे तिच्या सासूची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातलं गाव. पाटलाच्या वाड्यात बाळंतपण झालं की बाळंतिणीचे कपडे आणि बाळाची दुपटी नदीवर नेऊन धुवायला आजीला बोलावणं यायचं. तेवढे दिवस घरातलं कोणी त्या कपड्यांना शिवत नसे, आणि एरवी आजीला कोणी शिवत नसे. मोबदला म्हणजे पायलीभर ज्वारी आणि एखादं जुनं लुगडं. १९५६ नंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावकीची कामं नाकारली. पण ती नाकारताना जी यादी झाली, ती पुरुषांच्या कामांची झाली. बाळंतिणीची धुणी हे काम कोणाच्या यादीत आलंच नाही. आजी ते १९७२ च्या दुष्काळात गाव सोडेपर्यंत करत होती. पुण्यात आल्यावर तिने आईला बजावलं होतं, "दुसऱ्याच्या लेकराचा लंगोट धुवायचा नाही. उपाशी राहा."

हे ऐकल्यावर आईचा राग आम्हाला नीट कळला. तिच्या मनात फडकं म्हणजे नुसतं कापड नव्हतं. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना नीटनेटकं राहायला, आपल्या जातीची ओळख सांगणारी लुगडं नेसण्याची पद्धत टाकून द्यायला सांगितलं होतं. त्या स्त्रियांनी ते मानलं. अंगावरचं कापड बदलणं हा आपल्या इतिहासात लढ्याचा भाग आहे. दुकानातला पांढराशुभ्र डायपर आईला त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा वाटत होता. तो चुकीचा होता असं आम्ही आजही म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूला शहरातला एक सुखवस्तू वर्ग आहे. 'आपल्या आज्यांकडे परत जाऊ या' असं तो म्हणतो आणि एकेक पाचशे रुपयांचे छापील कापडी डायपर घेतो. त्यांच्या आज्यांचे लंगोट आमच्या आज्यांनी धुतले, हे त्या जाहिरातीत नसतं. आज त्या घरात ते कापडी डायपर मशीन धुतं, नाहीतर कामाला येणारी बाई धुते. ती बाई कोणत्या वस्तीतून येते हे वाचकांना सांगायला नको. निसर्गाकडे परत जाण्याची हाक देणाऱ्याला आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो : धुणार कोण?

डायपर वापरला तर आई उचलणार. लंगोट वापरला तर बाई धुणार. दोन्हीकडे घाण एकाची आणि हात दुसऱ्याचे. जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'त मांडलं. घरात त्याच विभागणीला स्त्री-पुरुष म्हणतात. म्हणून आमच्या घरात वस्तू कोणती वापरायची, यापेक्षा हात कोणाचे, हा प्रश्न आधी सोडवायचं ठरलं. आमच्यातली बाळंतीण बाळाला पाजते. ते काम दुसऱ्याला करता येत नाही. धुणं कोणालाही करता येतं. म्हणून लंगोट बाप धुणार, आई आणि आमच्यातली बाळंतीण यांनी त्याला हात लावायचा नाही.

बोलायला सोपं होतं. आमच्या गल्लीत पाणी सकाळी दीड तास येतं, नळ चार घरांत एक. पहिल्या दिवशी बाप बादली घेऊन नळावर बसला तेव्हा बाया गप्प झाल्या आणि पुरुष बोलू लागले. "काय साहेब, वहिनींनी घटस्फोटाची नोटीस दिली का?" हे म्हणणारा माणूस दर रविवारी विहारात आमच्या शेजारी बसतो. एकाने तर आईला जाऊन सांगितलं, "मावशी, पोराला बाईच्या कामाला लावलं राव." आईलाही ते लागलं. ती तीन दिवस म्हणत होती, "दे इकडं, मी टाकते धुऊन." तीन दिवस बादलीची ओढाताण झाली. चौथ्या दिवशी तिने सोडून दिलं. पाचव्या दिवशी नळावर तिचा आवाज आला, "आवं, त्याच्या लेकीचं हाय, तो धुतोय. तुमच्या लेकराचं तुम्ही कधी धुतलं व्हतं?" त्या दिवसापासून गंमत बंद झाली.

आता कामाचं बोलू. अनेक तरुण जोडप्यांनी आम्हाला हे विचारलं आहे म्हणून तपशिलात सांगतो.

कापड : जुनं, खूप धुतलेलं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. नवं कापड पाणी नीट शोषत नाही. आजीची दोन नऊवारी आईने पेटीत जपून ठेवली होती. एका लुगड्यातून सुमारे ५५ सेंटिमीटरचे २८ चौकोन निघाले. दोन-दोन चौकोन एकत्र शिवून १४ लंगोट झाले. दोन लुगड्यांचे २८. शेजारच्या मावशींनी मशीनवर कडा मारून नाड्या लावल्या, शिलाई १५० रुपये. पिना लावल्या नाहीत, टोचायची भीती. मेणकापड दोन मीटर २४० रुपये. झाकणाची बादली १८०. एकूण ५७०.

धुणं : शी असेल तर ती आधी संडासात टाकून लंगोट साध्या पाण्यात खळबळायचा. नंतर झाकणाच्या बादलीत. सकाळी पाणी आलं की साबण लावून धुवायचं आणि साबण पूर्ण निघेपर्यंत, किमान दोन पाण्यांतून काढायचं. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात. कपडे मऊ करणारी, वासाची जी बाटली मिळते ती वापरायची नाही. त्याने कापडाची पाणी शोषण्याची ताकद कमी होते.

चूक : पहिल्या महिन्यात आम्हीच चुकलो. पावसाळा होता, लंगोट दमट राहत होते. जंतू मरावेत म्हणून आम्ही धुताना जंतुनाशक ओतत होतो आणि पाणी वाचवायला एकाच पाण्यातून काढत होतो. लेकीच्या जांघेत लालभडक पुरळ आलं. रात्रभर रडली. आईने काही न बोलता नुसतं आमच्याकडे पाहिलं, ते जास्त लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की जंतुनाशक बंद करा, साबण पूर्ण काढा, ओलं झालं की लगेच बदला, दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं ठेवा. आठवड्यात पुरळ गेलं. तेव्हापासून पावसात लंगोट खोलीत दोरीवर वाळवून शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढतो. ऊन पडलं की सगळे बाहेर. उन्हासारखं फुकट औषध नाही.

रात्र : रात्री एक दुकानातला डायपर. हे आम्ही आईचं ऐकून केलं. एका खोलीत चार माणसं झोपतात, पहाटे साडेपाचला आईला उठायचं असतं. दर दोन तासांनी सगळं घर जागं करून आम्ही कोणती क्रांती करणार होतो? प्रवासात, दवाखान्यात, मोर्चाला जातानाही डायपर. त्यात आम्हाला अपराधी वाटत नाही.

आता हिशेब. रात्रीचे डायपर महिन्याला ३००, साबण-पावडर-इस्त्रीची वीज मिळून २००. म्हणजे २,४०० च्या जागी ५००, महिन्याला १,९०० वाचले. पण बापाचा रोज एक तास गेला. महिन्याचे तीस तास. भागाकार केला तर तासाला साधारण ६३ रुपये. हा आकडा आम्ही मुद्दाम काढला. 'लंगोट फुकट असतो' असं म्हणणारा माणूस ते तीस तास मोजत नाही, कारण ते नेहमी बाईचे असतात. पैसे वाचतात ते कोणाच्या तरी कंबरेतून वाचतात. ते मोजा, मग वापरा.

पर्यावरणाचंही असंच आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये दोन्ही प्रकारांची तुलना केली. कापडी डायपर आपोआप चांगला ठरत नाही. तो कसा धुतला, यंत्रात गरम हवेने वाळवला की दोरीवर, दुसऱ्या बाळाला पुन्हा वापरला का, यावर ते ठरतं, असं त्यातून पुढे आलं. दोरीवर वाळवणं आणि एकाचं दुसऱ्याला देणं हे आपल्या वस्त्यांत कोणी शिकवावं लागत नाही. मग प्रदूषण केलं म्हणून बोल नेहमी वस्तीलाच का लावला जातो?

आणि जो डायपर आपण वापरतो, त्याचं काय? घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये लिहिलं होतं की डायपर आणि पॅड बनवणाऱ्यांनी ते गुंडाळून टाकण्यासाठी सोबत पाकीट किंवा आवरण देण्याची सोय करावी, आणि वापरणाऱ्याने ते नीट गुंडाळून द्यावं. नियम होण्याआधीच, २०१३ मध्ये, पुण्यातल्या कचरावेचक बायांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. हा सत्याग्रहच होता. आपल्या किती तरुणांना तो ठाऊक आहे? सरकारने सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये काढला, बाळाच्या डायपरवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून पाच टक्क्यांवर आणला. घेणाऱ्याला दिलासा मिळाला, चांगलं झालं. उचलणाऱ्या हातांना काय मिळालं?

आमच्या घरातला रात्रीचा डायपर आता वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, वेगळा ठेवला जातो. तो लाल ठिपका आई स्वतः काढते. पुण्यात कचरावेचकांनीच ही पद्धत रुजवली, म्हणजे पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. आमच्या गल्लीचा कचरा आई घेत नाही, दुसरी एक ताई घेते. आई म्हणते, "तिला कळलं पाहिजे, आत काय हाय ते. तिला बी नाक हाय."

शेवटी आपल्या माणसांशी थोडं बोलायचं आहे. लेक तीन महिन्यांची असताना आमच्यातली आई एका अभ्यासवर्गाला गेली. विषय होता 'आंबेडकरी चळवळ आणि स्त्री-प्रश्न'. लेकीने शी केली. बदलायला जागा नव्हती. चपलांच्या रांगेशेजारी, जिन्याखाली तिने लंगोट बदलला आणि आत आली तेव्हा वक्ते बाबासाहेबांच्या त्याच १९२८ च्या भाषणाविषयी बोलत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, पण एका हातात ओला लंगोट असलेली पिशवी होती.

म्हणून आमच्या मागण्या छोट्या आहेत. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात एक कोपरा, एक सतरंजी, एक बादली पाणी आणि बाळ सांभाळायला दोन पुरुष कार्यकर्ते असावेत. आपल्या संस्थेत सात माणसं असोत की तीन, बाळंतपणाचं मानधन ठरावाने मंजूर व्हावं. कायदा दहावर सुरू होतो, नीती एकावर सुरू होते. विहारात जुन्या सुती लुगड्यांची पेटी ठेवा. ज्या घरात गरज आहे तिथे शिवलेले लंगोट पोहोचवा, पण ते धुण्याची जबाबदारी बापाला समजावून सांगूनच.

लेक आता अकरा महिन्यांची आहे. २८ लंगोटांपैकी सहा फाटले, बावीस शिल्लक आहेत. ते शेजारच्या गल्लीतल्या एका जोडप्याला द्यायचे ठरले आहेत, त्यांच्याकडे श्रावणात बाळ यायचं आहे. आईने ते पुन्हा उकळून, उन्हात वाळवून, घड्या घालून ठेवले. देताना ती त्या पोराला म्हणाली, "लुगडं माझ्या सासूचं हाय. तिनं लई लोकांचं धुतलं. हे तू धुवायचं."

जय भीम!